आवाज येतोय, बाबा

मी बँकॉकला फिरायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण अजूनही कोणी विचारलं की मी अडखळते आणि 'थोडं काम होतं' असं काहीतरी बोलून जाते. काम काही नव्हतं. कॉव्हेंट्रीच्या युनिव्हर्सिटीत माझा प्रबंध जमा झाला होता, स्वस्त तिकिटं मिळाली होती आणि आम्ही दोघं पाठीवर एकेक सॅक टाकून निघालो होतो. आमच्या घरातून आजवर जो कोणी गावाबाहेर पडला, तो कामाला, लग्नाला, नाहीतर मयतीला. नुसतं बघायला म्हणून निघालेली मी पहिली. कॉलेजात गेलेलीही मीच पहिली होते, पण त्याचं कौतुक झालं. फिरण्याचं होत नाही. आत्या फोनवर म्हणाली, "शिकायला पाठवलं का भटकायला? अन् तेही लग्नाआधी, त्याच्यासंगं?" मी उत्तर शोधत होते तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "माह्यी पोरगी आहे. फिरू दे तिले."

'तो' म्हणजे ज्याच्याशी माझा साखरपुडा झाला आहे तो. तो बर्मिंगहॅममध्ये जन्मला आणि वाढला. त्याचे आईवडील नागपूरचेच, आमच्यासारखेच बौद्ध, दोघंही तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला. घरी मराठी बोलतात, पण त्याच्या मराठीत 'तो', 'ती', 'ते' यांचा मेळ कधी बसत नाही. त्याची भूक 'लागतो' आणि त्याचा पाय 'दुखते'. मी सुधारत असे, आता सोडून दिलंय.

सॅकमध्ये मी एक पांढरा सलवार-कुर्ता ठेवला होता. त्याच्यासाठी पांढरा शर्ट आणि पांढरी पँट. बॅकपॅकिंगला जाताना कोणी पांढरं नेत नाही, हे मलाही कळत होतं. पण आईने बजावलं होतं. आमच्याकडे विहारात वंदनेला पांढरं घालून जातात, आणि आईच्या मते बँकॉक म्हणजे एक भलंमोठं विहारच होतं. "तिथं अख्खा देश आपला आहे," ती म्हणाली. "कोणी तुले आडनाव विचारणार नाही."

बाबांनी त्यापुढची गोष्ट करून ठेवली. ते सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय आहेत, आणि वस्तीतल्या आमच्या विहाराचं साफसफाईपासून लाउडस्पीकरपर्यंत सगळं तेच बघतात. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की रविवारी माझी पोरगी बँकॉकच्या विहारातून व्हिडिओ कॉलवर आपल्यासोबत वंदना म्हणणार. तिथली आणि नागपूरची वेळ जुळावी म्हणून त्यांनी त्या रविवारची वंदना चक्क दुपारी ठेवली. म्हाताऱ्या बायांची दुपारची झोप मोडून. मला हे कळलं तेव्हा नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

आणि नाही म्हणावंसं का वाटलं, तेही सांगायला हवं. बाबा फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नाहीत. 'जय भीम' म्हणतात, तेही विहाराच्या आवाजात, म्हणजे लाउडस्पीकर बिघडला तरी मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. कॉव्हेंट्रीत मी पुण्याच्या दोन मुलींबरोबर एका घरात राहते. सुरुवातीला आम्ही तिघी एकत्र स्वयंपाक करायचो. एका रविवारी मी पोळ्या लाटत होते, फोन स्पीकरवर होता, आणि बाबांचा 'जय भीम बेटा' किचनभर झाला. एक जण कांदा सोलता सोलता थांबली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या तव्यावर आणि दोन पातेल्यांवर 'फक्त व्हेज' असे स्टिकर लागले होते. त्याच्या आधीच्याच आठवड्यात दोघींनी माझ्या हातचं चिकन बोटं चाटून खाल्लं होतं.

तेव्हापासून बाबांचा फोन आला की मी म्हणते, "बाबा, नेटवर्क नाहीये, थांबा," आणि कोट चढवून बसस्टॉपवर जाते. बसस्टॉपवर नेटवर्क फार छान असतं.

त्याला हे कधी पटलं नाही. "म्हण ना, काय होतं?" तो म्हणायचा. "मी तर ट्रेनमध्ये म्हणतो, जिममध्ये म्हणतो."

"तुझ्या जिममध्ये त्याचा अर्थ कळणारं कोण आहे?"

"मग कळू दे ना त्यांना."

"तुला तिथे सगळे इंडियन समजतात आणि तेवढ्यावर थांबतात. मला आडनाव विचारणारे इंडियनच असतात."

यावर तो विषय बदलायचा. पण मी जिंकले असं मला कधी वाटायचं नाही.

तर त्या रविवारी सकाळी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये मी ओल्या हाताने कुर्त्याच्या चुण्या दाबत होते. तो पांढऱ्या शर्टात बाहेर आला आणि आरशात बघून म्हणाला, "मी डेंटिस्ट दिसते."

"दिसतो."

"तेच."

आम्ही फुलबाजारातून निघालो. झेंडूचे डोंगर, मोगऱ्याच्या मनगटाएवढ्या छोट्या माळा, बर्फावर ठेवलेल्या कमळाच्या कळ्या. एक बाई बसल्या बसल्या कमळाची एकेक पाकळी आत दुमडत होती, आपल्याकडे पानाचा विडा दुमडतात तशी, आणि कळीचं उमललेलं फूल होत होतं. मी एक जुडी घेतली. तिने पैसे घेतले, पण आधी हात जोडले, मग घेतले. वाटलं, ही इथली रीत असेल. मग एका हातगाडीवाल्याने आम्हाला बघून गाडी थांबवली आणि मानेनेच 'जा' म्हटलं. मोटारसायकली त्या बोळातून माशांसारख्या सुळसुळत होत्या, त्यातली एक आमच्यासाठी थांबली. गर्दीत कोणाचा धक्का लागत नव्हता. मी आयुष्यभर गर्दीत कोपर आत घेऊन चालले आहे, मला ते लगेच कळलं.

"किती मोठा गर्दी आहे, आणि बघ, आपल्याला रोड देतात," तो म्हणाला.

नदीच्या बोटीवर कॉलेजातल्या एका मुलाने उठून मला जागा दिली. माझ्या होणाऱ्या नवऱ्यासाठी दुसरा कोणी उठला. आम्ही शेजारी बसलो, आणि त्याने माझा हात हातात घेतला. समोर एक आजी होती. ती पुढे वाकली, तिने त्याच्या मनगटावर हलकी टिचकी मारली, त्याचा हात उचलला आणि त्याच्याच गुडघ्यावर नेऊन ठेवला. रागावून नव्हे. शर्टाचं बटण लावून द्यावं तसं.

"ही तर तुझा आत्या आहे," तो कुजबुजला. मला हसू आवरेना.

पण आतून मला भरून आलं होतं. आईचं खरं होतं. अख्खं शहर आम्हाला ओळखत होतं. काही न विचारता, नुसत्या कपड्यांवरून. मी मनातल्या मनात ती वाक्यं जमवत होते, आईला काय सांगायचं, कसं सांगायचं. इथे लोक आपल्याला जागा देतात, आई. उठून जागा देतात.

दुपारी आम्ही चायनाटाउनच्या बोळांत होतो. सोन्याची दुकानं, टांगलेली लालभडक बदकं, वाळलेले मासे, टिनची खेळणी, तिखटाचा खकाणा. मी पांढरा कुर्ता सांभाळत चालले होते. संध्याकाळचा कॉल होईपर्यंत त्यावर डाग पडू द्यायचा नव्हता, कारण कॅमेरा लागला की आईची नजर आधी कपड्यावर जाणार हे मला ठाऊक होतं. शेवटी तो म्हणाला, "मला आता खूप भूक लागला," आणि आम्ही नूडल्सच्या एका गाडीशी थांबलो. गाडीवरची बाई पातेल्यातून डाव काढत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, माझ्या कपड्यांकडे पाहिलं, मग वर सूर्याकडे बोट दाखवलं आणि नाही नाही म्हणून तेच बोट हलवलं. आम्ही पातेल्याकडे बोट दाखवलं. तिने पुन्हा सूर्याकडे. मग ती हसली, हात जोडले, आणि गाडीमागून बर्फ घातलेले फुलांच्या काढ्याचे दोन ग्लास काढून आमच्या हातात दिले. पैसेही घेईना. पुढच्या गाडीवर जाऊ म्हटलं, तर त्या गाडीवाल्याने हे सगळं पाहिलेलं. त्यानेही सूर्याकडे बोट दाखवलं.

"नूडल्स उन्हात खात नाहीत का?" मी म्हटलं.

"मला वाटतं आपण सगळ्यांना माहीत असलेला काहीतरी गोष्ट माहीत नाही," तो म्हणाला. व्याकरण सोडलं तर त्या दिवसातलं सगळ्यात शहाणं वाक्य ते होतं.

भुकेल्या पोटी आम्ही परत बोटीवर बसलो, विहाराकडे जायला. मराठीत आमचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं बाई, मराठी का?"

एक काका-काकू होते. पुण्याहून टूरवर आलेले. टूरवाले सगळ्यांना मॉलमध्ये घेऊन गेले होते आणि काकूंना मॉलचा कंटाळा आला होता. त्यांचा मुलगा इल्फर्डला राहतो, बँकेत आहे, सून गुणी आहे पण सकाळी लवकर उठत नाही, हे सगळं पुढचा धक्का येईपर्यंत आम्हाला कळलं. मग त्यांचं लक्ष माझ्या कपड्यांकडे गेलं.

"पांढरं गं कशाला? घरात कोणी गेलं का?"

"नाही काकू. विहारात जायचंय. संध्याकाळी पाठ असतो."

"मग आम्हीही येतो की. अहो, ऐकलंत का, यांच्याबरोबर जाऊ या. नुसती खरेदी काय करायची." काकांनी मान डोलावली. ते सगळ्यालाच मान डोलावत होते.

नको म्हणायला मला सुचलं नाही. वडीलधाऱ्यांना नको म्हणायची मला सवय नाही. काकूंनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला, उघडून माझ्यापुढे धरला, "घे, पोट खपाटीला गेलंय तुझं." मी मूठभर घेतला. त्याने दोन मुठी घेतल्या. समोरच्या बाकावरच्या एका बाईने आम्हाला खाताना पाहून डोळे मोठे केले आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं.

"आडनाव काय म्हणालात?" काकूंनी विचारलं.

म्हणालो नव्हतो. मी नदीकडे बघायला लागले. त्याने चिवडा चावता चावता सांगून टाकलं. त्याचंही आणि न विचारता माझंही.

"अच्छा," काकू म्हणाल्या.

मराठी माणसाचा 'अच्छा' किती लांबीचा असतो यावरून मला बरंच कळतं. हा मध्यम होता. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यासाठी तर हे खासच." थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा चिवडा दिला. या वेळी डबा पुढे केला नाही. चमच्याने टिश्यूवर काढला आणि टिश्यू दिला.

बोट हलत होती. कदाचित सांडेल म्हणून असेल. मला खरंच माहीत नाही, आणि माहीत नसणं हाच यातला सगळ्यात दमवणारा भाग आहे. मी टिश्यू तसाच मांडीवर ठेवला. त्याने त्यावरचा चिवडा खाऊन टाकला.

"तुला दिसलं का?" मी हळूच विचारलं.

"काय? चिवडा?"

"जाऊ दे."

मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, काकूंच्या डब्याकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड चालायचं थांबलं. त्याला तसं काही पहिल्यांदाच दिसत होतं असं मला वाटलं. त्याने टिश्यूचा बोळा करून मुठीत धरला आणि धक्का येईपर्यंत सोडला नाही.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तासाभरात बाबांचा फोन येणार, आणि या बाई माझ्या शेजारी उभ्या असणार.

विहार नदीकाठच्या बोळात होतं. मोठं नव्हतं. अंगणात पिंपळ, त्याखाली झोपलेली कुत्री, आणि दारात इंग्रजी बोलणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, येणाऱ्यांना सांगायला बसलेल्या. आम्हाला बघून त्यांनी हात जोडले आणि लगेच वाटणी केली. तो पुरुषांकडे, मी बायकांकडे. मग विचारलं की तुम्ही किती दिवसांचं व्रत घेतलंय.

"कसलं व्रत?"

त्यांनी आमच्या कपड्यांकडे हात केला. इथे असं अंगभर पांढरं घालतात ते अष्टशील घेतलेले लोक. म्हणजे काही दिवस भिक्खूंसारखे आठ नियम पाळायचे. दुपारी बारानंतर जेवायचं नाही. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना शिवायचं नाही.

मी आणि तो एकमेकांकडे बघत राहिलो. आजीची टिचकी. सूर्याकडचं बोट. बोटीवरचा चिवडा.

"आपण दिवसभर सगळ्यांसमोर sin करत होते," तो म्हणाला, आणि त्या शिक्षिकाबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

मीही हसले. पण आतलं ते भरून आलेलं एकदम ओसरलं. म्हणजे आम्हाला कोणी ओळखलं नव्हतं. कपड्यांना ओळखलं होतं. आईला सांगायची माझी सगळी वाक्यं खोटी पडली.

"इंडियातून का?" बाईंनी विचारलं. "हिंदू?"

"येस, येस," मागून काकू पुढे झाल्या. "हिंदू, बुद्धिस्ट, ऑल सेम." आणि मला मराठीत, "एकच की गं सगळं. बुद्ध म्हणजे आपला नववा अवतारच."

हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आले आहे. शिक्षकांकडून, मैत्रिणींच्या आयांकडून, प्रेमाने म्हटलेलं. दर वेळी मी हसून मान हलवली आहे, कारण समोरच्याला वाटत असतं की तो मला घरात घेतोय. त्या दिवशी मी भुकेली होते, दमले होते, आणि सकाळपासून चुकीच्या कारणाने का होईना, ताठ चालले होते. पाठीला त्याची सवय झाली होती.

"नाही काकू," मी म्हटलं. "आम्ही तसं मानत नाही." आणि बाईंना इंग्रजीत सांगितलं की आम्ही हिंदू नाही, बौद्ध आहोत.

"खरंच?" त्या म्हणाल्या. "इंडियात अजून बौद्ध आहेत? स्टिल?"

"स्टिल नाही," मी म्हटलं. "अगेन."

हे मी ठरवून बोलले नव्हते. माझं इंग्रजी अजून मोजकंच आहे, सेमिनारमध्ये मी शेवटी बोलते. पण तो एक शब्द बरोबर जागी पडला. अजून नाही, पुन्हा. उरलेले नाही, परत आलेले. माझे आजोबा आपल्या पायाने चालत जाऊन बौद्ध झाले होते. त्या बाईंनी मान हलवली, आणि या वेळी हात जोडले ते मला, कपड्यांना नाही. असं मला वाटलं. चुकतही असेन.

तेवढ्यात फोन वाजला.

आम्ही अंगणात आलो, पिंपळाखाली. काकूही आल्या, कारण त्यांना आमच्या घरचे लोक बघायचे होते. स्क्रीनवर आधी बाबांचं कपाळ दिसलं, मग नाक, मग फोन कोणीतरी सरळ धरला आणि सगळं विहार दिसलं. पांढऱ्या साड्यांची रांग. आई पुढे. आत्यासुद्धा.

"जय भीम बेटा," बाबा म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. झोपलेल्या कुत्र्यांतलं एक उठलं.

काकू माझ्या खांद्याला लागून उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. मला किचन दिसलं, स्टिकर दिसले, टिश्यू दिसला. गंमत म्हणजे त्यातलं काहीच माझ्या बोलण्यामुळे बदललं नसतं आणि न बोलण्यामुळेही बदललं नव्हतं. डबा बोटीवरच मागे गेला होता. मी गप्प राहून नक्की काय वाचवत होते?

"जय भीम, बाबा," मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्याने. आवाज चिरकला. "जय भीम, आई. जय भीम, आत्या."

"अशी काहून वाळून राहिली?" आई म्हणाली. "जेवली नाही का? अन् त्या बाजूच्या ताई कोण?"

"पुण्याच्या आहेत. बोटीवर भेटल्या."

"अरे वा," बाबा म्हणाले. त्यांना माणूस दिसला की राहवत नाही. "जय भीम, ताई."

काकूंनी हात जोडले. "नमस्कार, नमस्कार."

एवढ्यावर ते संपायला हवं होतं. पण बाबांनी फोन कानाशी नेला. "काय म्हणल्या? आवाज नाही आला. जय भीम, ताई."

"नमस्कार," काकू जरा मोठ्याने म्हणाल्या.

"आवाज कटून राहिला बहुतेक," बाबा मागच्या लोकांना म्हणाले, आणि पुन्हा, विहारातल्या सगळ्यांसाठी, "जय भीम, ताई. येतोय का आवाज?"

मी बाबांना ओळखते. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की नेटवर्क गेलं, कारण त्यांच्या जगात 'जय भीम'ला दुसरं उत्तरच नसतं. मागे आई, आत्या, सगळ्या बाया माना उंचावून वाट बघत होत्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर चांगली ओळखीची होती. त्यांना माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. ते वाक्य माझ्याइतकं कोणालाच पाठ नव्हतं. नेटवर्क नाहीये बाबा, थांबा. एवढं म्हटलं असतं की त्याही सुटल्या असत्या, बाबाही समाधानी, आणि मी पुन्हा बसस्टॉपवर.

शेजारी तो चुळबुळला. त्याने माझ्या हातातली कमळं घेतली, म्हणजे फोन मला दोन्ही हातांनी धरता यावा.

"नेटवर्क चांगलं आहे, बाबा," मी म्हटलं. "त्यांचा आवाज येतोय. त्या नमस्कार म्हणाल्या."

स्क्रीनवर क्षणभर सगळे स्थिर झाले. आता खरंच नेटवर्क गेलं का असं वाटावं, इतके.

"अच्छा," बाबा म्हणाले. त्यांचाही मध्यम होता. मग तितक्याच मोकळेपणाने, "नमस्कार ताई, नमस्कार. या कधी नागपूरले."

काकूंनी पदर सारखा केला. पुन्हा हात जोडले. "येऊ की," म्हणाल्या, आणि मग "अहो, चला," म्हणून काकांना घेऊन दाराकडे गेल्या. काकांनी जाताना माझ्याकडे बघून मान डोलावली. पण ते सगळ्यालाच डोलवायचे. काकू विहाराच्या पायऱ्यांवर थांबल्या, बहुधा पाठ ऐकायला, पण आत आल्या नाहीत. त्यांचं त्यांच्यापाशी. मी कोणाकडून काही वदवून घ्यायला गेले नव्हते. माझ्या बाबांचा आवाज पोचला, एवढंच मला लपवायचं नव्हतं.

आत मी बायकांच्या रांगेत मांडी घालून बसले. शेजारणीने माझा गुडघा थोपटून पाय बाजूला दुमडायला दाखवलं, पाऊल मूर्तीकडे होऊ नये म्हणून. तेवढं मी ऐकलं. पाठानंतर भिक्खू शील द्यायला लागले आणि सगळ्यांनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. त्यांचा उच्चार वेगळा. 'बुद्धं'चं 'फुत्थंग' होत होतं आणि 'गच्छामि'चं 'खच्छामि'. पहिल्या ओळीला मी आवाज खाली घेतला, त्यांच्यासारखं म्हणायला बघितलं. दुसऱ्या ओळीला सोडून दिलं. माझ्या मांडीवर फोन होता आणि त्यात पन्नासेक माणसं विहारात बसून बाबांच्या उच्चारात म्हणत होती. मी त्यांच्यासारखं म्हटलं. बुद्धं सरणं गच्छामि. शेजारणीने वळून पाहिलं, ऐकलं, आणि आपलं म्हणत राहिली. मी माझं.

पंचशील झालं आणि सगळे म्हणाले, साथु, साथु, साथु. मी साधु म्हटलं. पुरुषांच्या बाजूने त्याचाही आवाज आला, बर्मिंगहॅमचा. आणि मग, आमचं संपल्यावर, मांडीवरून, जरा उशिराने, अख्ख्या वस्तीचा साधु आला. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी आजी मागे वळल्या, फोनकडे बघून हसल्या, आणि त्यांनी तो पुन्हा एकदा म्हटला, फोनला उत्तर म्हणून.

बाहेर आलो तेव्हा काकू-काका गेले होते. आम्ही पहिली दिसली ती गाडी गाठली. गाडीवाल्याने कपडे बघून बोट वर केलं, पण तोवर सूर्य बुडाला होता आणि त्याला दाखवायला काही सापडेना. तेव्हा माझ्या डेंटिस्टाने शिक्षिकाबाईंसारखे हात जोडले आणि म्हणाला, "नो व्रत. नो डेंटिस्ट. ओन्ली हंग्री." गाडीवाल्याला काय कळलं कोण जाणे, त्याने दोन वाट्या भरल्या. मी पहिल्याच घोटाला कुर्त्यावर तिखट रस्सा सांडला, छातीच्या मधोमध, आणि पुसला नाही. कॉल तर होऊन गेला होता.

तो डाग कॉव्हेंट्रीत तीनदा धुऊनही गेला नाही. परवा मी कुर्ता किचनमधल्या रेडिएटरवर वाळत घातला होता. दोघी मुली तिथेच होत्या, एक त्या स्टिकरच्या तव्यावर डोसे घालत होती. फोन वाजला. बाबा होते. बाहेर पाऊस होता आणि कोट हाताशीच लटकलेला होता.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि कणीक मळत राहिले.